घागरीवरचं खरबूज

चित्राला हात लावायचा नसतो, हे मला कळतं. माझ्या वडलांनाही कळत असणार, पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. आबांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जुन्या जालन्यातल्या एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, ते भिंतीवरच्या एका चित्रापुढं उभे होते आणि चित्रातली घागर बोटानं चाचपून बघत होते. मी जिन्याच्या तोंडाशी होते, हातात पिशवी आणि डोक्यात राग.

"आबा, हात काढा तो!"

माझी हाक पार खालच्या गल्ल्यापर्यंत गेली असणार. मी शाळेत गणित शिकवते. माझा आवाज चार भिंतींत मावत नाही असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि काही खोटं म्हणत नाहीत. आबांनी मात्र मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

खरं म्हणजे त्या दिवशी आम्ही चित्रं बघायला गेल्तोच कुठं? गेल्तो लुगडं घ्यायला, आणि तेही आबांपासून लपवून. त्याचं असं झालं.

माझी माय माघात गेली. आता वैशाख तोंडावर आला होता आणि अक्षय तृतीया जवळ आली होती. आमच्या घनसावंगीकडच्या गावात तिला आखाजी म्हणतात. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची. नवी मातीची घागर घ्यायची, ती गव्हाच्या राशीवर बसवायची, आत पाणी आणि वाळा, गळ्याला सुताचे वेढे, आणि तोंडावर खरबूज नाहीतर आंबा. मग पुरणपोळीचा आणि आमरसाचा निवद. घरातलं माणूस गेल्यावरची पहिली आखाजी तर कोणी चुकवत नाही. समज असा, की घागर भरली म्हणजे त्या जिवाला पाणी पोचतं, तोवर तो जीव उन्हातान्हात तहानलेलाच हिंडतो. तुम्ही गणिताच्या बाई, तुम्हाला हे पटतं का, असं कोणी विचारलं तर मी काय सांगू? फळ्यापुढं उभी असते तेव्हा नाही पटत. भर दुपारी, बाहेर ऊन रटरटत असताना, आपल्याच आईचा विषय निघाला की पटतं.

आणि आबा घागर भरू देत नव्हते.

"माझ्या घरात घागर भरायची न्हाई," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. भावानं समजावलं, भावजयीनं हात जोडले, भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी येऊन ओट्यावर बसून चहा पिऊन शहाणपण शिकवलं. आबांचं उत्तर एकच, "न्हाई म्हणलं ना. मंग न्हाई." कारण विचारलं की उठून मोसंबीच्या बागेत जायचे आणि पाणी चालू नसतानाही पाइपाकडं बघत बसायचे. गावाला काय, तोंडाला विषयच पाहिजे. कोणी म्हणालं म्हाताऱ्याला खर्चाचं जिवावर आलंय, कोणी म्हणालं बायको गेली हेच त्याला मान्य न्हाई. भावालाही तसंच वाटायचं. शेवटी त्यानं डोळ्याच्या तपासणीचं निमित्त करून आबांना माझ्याकडं जालन्याला आणून सोडलं आणि जाताना दारात हळूच म्हणाला, "तायडे, तुझं ऐकतेत ते. तू काहीबी कर."

काय ऐकतात माझं! माझं ऐकणारा बाप अजून जन्माला यायचाय. मी गोडीनं बोलून बघितलं, रागानं बोलून बघितलं, ताटात भाकर वाढता वाढता बोलून बघितलं. "भाजीत मीठ कमी हाय," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यांच्या इज्जतीचं मला काही पडलं नव्हतं. भावकी काय बोलेल याचं तर मला कधीच पडलेलं नसतं. मला एकच गोष्ट टोचत होती. आखाजी अशीच गेली तर माझी माय पाण्यावाचून राहील. रोज सकाळी माठात पाणी भरताना हे मनात यायचं आणि दिवसभर माझं डोकं फिरलेलं राहायचं. त्या आठवड्यात वर्गातल्या पोरांचे विनाकारण हाल झाले.

मग मी एक डाव टाकला. माय सवाष्ण गेली, म्हणजे आखाजीला एक सवाष्ण जेवू घालायची आणि तिला लुगडं नेसवायचं. ते लुगडंच आधी आणून ठेवावं. घरात वस्तू आली की माणूस हळूहळू वळतं. आबांना मी सांगितलं, शाळेत कार्यक्रम आहे, साडी घ्यायचीय, चला जरा सोबत. मस्तगडाच्या अलीकडं एका शेठजींचं जुनं कापडदुकान आहे. त्यांचे पूर्वज केव्हातरी राजस्थानातून आले, आता मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलतात. माझ्या लग्नाचा बस्ता तिथलाच. आबा पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसले, शेठजींनी चहा सांगितला, सगळं बराबर चाललं होतं. मी हिरव्या रंगाची दोन लुगडी बाजूला काढली. तेवढ्यात शेठजी भल्या मनानं बोलून गेले.

"आखाजीच्या सवाष्णीला ना ताई? मंग हे घ्या. हिरवं बिलकुल बरं दिसतं."

झालं! केलेल्या डावावर पाणी. आबांनी कप खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि उठले. बाहेर जायला दाराकडं वळले, पण दारात असं ऊन की डोळा उघडवेना, त्यात त्यांचा डोळा नवा. मग त्यांनी जिन्याकडं बोट केलं. "वर काय हाय?"

"वर आमच्या पोरीनं चित्रं लावून ठेवलीत, बाबा. एसी हाय. जाऊन बसा आरामात."

आबा गेले. मी रागारागानं ते हिरवं लुगडं बांधून घेतलं. म्हटलं नेसवायचं तर नेसवू, नाही तर मीच नेसून मिरवीन. आणि वर चढले, तर समोर हे चित्र चाचपणं चालू.

वरचा मजला पूर्वी तागे ठेवायची जागा होती. आता भिंतींना पांढरा रंग दिलेला, वरून दिव्यांचा झोत, प्रत्येक चित्राखाली नावाची लहानशी पट्टी. आमच्या जालन्यात चित्रांचं दालन म्हणजे एवढंच, पण स्वच्छ आणि थंड. शेठजींची मुलगी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली होती. पंचविशीची असेल, नखांत रंग अडकलेला, केस वर बांधलेले. ती धावत येऊन आबांचा हात धरेल असं मला वाटलं. ती नुसती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "राहू द्या ताई. वाळलेलंय ते."

मग मीही बघितलं. पहिल्या नजरेला त्यात काही नव्हतं. एक घागर, घागरीवर खरबूज, बाजूला दोन आंबे, एक पितळी फुलपात्र, खाली विटका लाल कपडा. मनात म्हटलं, हे तर माझ्या ओट्यावर रोज असतं, त्यासाठी भिंतीला खिळा कशाला ठोकायचा? खाली पट्टीवर लिहिलं होतं, स्थिरचित्र.

आबा मात्र एक पाऊल पुढं जायचे, एक मागं यायचे. "जवळून नुसते डाग दिसून राह्यलेत," ते स्वतःशीच म्हणाले. "मागं आलं की घागर होती. बघ तू." मला म्हणाले की त्या मुलीला, कोण जाणे. आम्ही दोघीही मागं सरलो.

आणि मग ती घागर मला दिसली. वरचा गळा फिक्का, विटकरी, आणि पोटापासून खाली रंग गडद होत गेलेला, ओला. पाणी आत जिथपर्यंत होतं तिथपर्यंतच ओल मुरलेली. त्या ओलीवर दोन-तीन थेंब, त्यातला एक ओघळून थांबलेला. बुडाशी लाल कपड्यावर ओलं कडं उमटलेलं. खरबूज पिकून पिवळं झालेलं, हिरव्या पट्ट्यांचं, एका बाजूनं जरासं दबलेलं, बाजारातून येताना पिशवीत दुसऱ्या कशाखाली आलं असावं तसं. एका आंब्याच्या देठाशी चीक ओघळून काळा पडलेला. फुलपात्रात अर्धं पाणी, आणि त्याच्या पितळी पोटात खिडकीचा पांढरा चौकोन. एवढंसं काढायला किती वेळ लागला असेल असं वाटून माझा राग जरा उतरला.

"पोरी, हे समोर ठेवून काढलं का मनानं?" आबांनी विचारलं.

"समोर ठेवून, आजोबा. गच्चीवरच्या खोलीत. मागच्या उन्हाळ्यात."

"घागरीत पाणी व्हतं?"

"होतं की. कोरडी घागर अगदी फिक्की दिसते. पाणी मुरलं की खालून रंग चढतो. मला तोच पाहिजे होता."

"वाळा?"

"टाकला होता. हे बघा ना, खरबुजाखालून दोन मुळं बाहेर आलीत. ती वाळ्याचीच." कोणी इतकं बारीक विचारतंय म्हणून ती खुलली होती. "आणि बुडाशी हे दाणे आहेत ना, ते गहू. घागर डुगडुगायची म्हणून खाली गहू टाकले. आणि वर नुसतं तोंड ठेवलं तर चित्र उघडं पडत होतं, पिवळं काहीतरी पाहिजे होतं. म्हणून खरबूज."

आबांनी माझ्याकडं बघितलं. ती घागर मीच भरून आणली असावी अशा नजरेनं बघितलं. मग तिच्याकडं वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरी कोण वारलं, माय?"

पोरगी दचकली. "कोणीच नाही! सगळे आहेत. दादीसुद्धा आहे."

"मंग ही घागर कोणाच्या नावानं भरली तू?"

अगं बाई गं! मला वाटलं, आता धरणी फाटून मला पोटात घेईल तर बरं. लोकांच्या दुकानात येऊन लोकांच्या घरचं मेलंय कोण असं विचारायचं! मी पुढं झाले आणि त्या मुलीला सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडं घागर कधी भरतात, कोणासाठी भरतात, गहू, वाळा, खरबूज. सांगता सांगता माझ्याच लक्षात यायला लागलं, की गळ्याचं सूत सोडलं तर या पोरीनं नकळत सगळं जिथल्या तिथं मांडलं होतं. आमच्या गावातल्या कुठल्याही घरात हे चित्र नेलं असतं तर बायांनी आधी पदर डोक्यावर घेतला असता आणि मग कोणाची म्हणून विचारलं असतं.

मुलगी पांढरीफटक पडली. "आमच्याकडं तर त्या दिवशी लग्नं लागतात, ताई. घरोघर गव्हाचा खीच शिजतो. दादी घागर आणि खरबूज देवळात देते, शुभ म्हणून. मी म्हणजे... काही वाईट केलं का?"

"काही वाईट केलं न्हाई!" मी म्हटलं. "आबा, लेकराला भेवडून सोडलं तुम्ही. चित्र आहे ते. चित्र!"

"चित्र हाय ते मलाबी कळतं," आबा तडकले. हे तडकणं माझ्यात कुठून आलंय ते कोणालाही सांगायची गरज नाही. "येडा न्हाई झालो मी. पण चित्राआधी खरी भरली ना तिनं? पाणी वतलं, वाळा टाकला, खरबूज ठिवलं. भरलेली घागर कोणाला तरी पाणी पाजायलाच असती. बिननावाची कशी ठिवावी?" मग मुलीकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "तू नको भिऊ. तुझ्या घरावर काही येत न्हाई. चांगल्या हातानं भरली तू."

तिनं स्टूल पुढं सरकवलं. आबा त्यावर बसले, चित्राच्या बरोबर समोर. मला घरी जायचं होतं, पण आबा उठायची लक्षणं दिसेनात. तेव्हा त्या मुलीनं, काहीतरी बोलायचं म्हणून, साधंच विचारलं, "तुमच्याकडं यंदा कोणाची भरायचीय, आजोबा?"

आता हा म्हातारा हिच्यावरही गुरकावणार, असं मला वाटलं. "न्हाई म्हणलं ना" हे माझ्या कानात आधीच वाजलं. पण आबा चित्रावरची नजर न काढता बोलायला लागले. लेकाला, सुनेला, मला, कोणाला जे सांगितलं नव्हतं ते एका परक्या पोरीला सांगायला लागले.

"हिची माय गेली माघात. आतड्याचं ऑपरेशन झाल्तं. दवाखान्यात मी बसल्तो तिच्यापाशी. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, काहीबी झालं तरी तोंडानं पाणी द्यायचं न्हाई, जिवावर बेतंल. मी म्हणलं, बराबर. अन् ती पाणी मागून राह्यली. घोटभर द्या म्हणे. मी म्हणलं, उद्या देतो म्हणलेत, उद्या पी. परत मागितलं. परत मी न्हाई म्हणलं." धोतराचा सोगा त्यांनी मुठीत गोळा केला होता. "मंग तिनं मला हात जोडले, पोरी. उभ्या जन्मात तिनं मला काही मागितलं न्हाई. लुगडं मागितलं न्हाई, माहेरला जाऊ द्या म्हणली न्हाई. पाण्यासाठी हात जोडले."

मुलीनं तोंडावर हात ठेवला.

"नर्सबाईनं ओला कापूस दिल्ता, व्हट पुसायला. मी पुसाय गेलो, तर तिनं कापूस दातात धरला. सोडंना. चोखून राह्यली त्यातलं. मला वाटलं हे पोटात गेलं तर काय व्हईल, अन् मी वढून काढला. तिच्या तोंडातून वढून काढला मी. अन् तो उद्या काही आलाच न्हाई. तोंडात थेंब न पडता गेली माझी बायको." त्यांनी हातानं चित्रातल्या घागरीकडं दाखवलं. "जित्तेपणी घोटभर दिलं न्हाई. आता मेल्यावर, चार माणसांसमोर, घागरभर वततो व्हय? कोणत्या तोंडानं वतू?"

त्या दिवशी मी आणि भाऊ खाली औषधांच्या दुकानापाशी उभे होतो. वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं, आणि आबा भिंतीकडं तोंड करून बसले होते. आम्ही समजलो, धक्का बसलाय. एवढे महिने आम्ही काय काय समजलो! खर्च, हट्ट, म्हातारपण. मला रडूही येत होतं आणि आबांचा रागही येत होता. मला का नाही सांगितलं? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?

"आबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला, "डॉक्टर बरोबर होता. तुम्ही तिला वाचवायलाच..."

"ते मला कळतं गं," आबा म्हणाले. "डॉक्टर बराबर व्हता. मीबी बराबर व्हतो. अन् तिची तहान? तीबी बराबरच व्हती ना."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नुसतं हाड हाताला लागलं तेव्हा समजलं, माणूस केवढं वाळलंय. एसी घरघरत होता. खाली शेठजी कोणाला तरी ताग्याचा भाव पटवून देत होते.

आबा पुन्हा चित्र बघायला लागले. आता घागरीकडं नाही, फुलपात्राकडं. उठून जवळ गेले, मागं आले, डोळा बारीक केला. "हे अर्धंच हाय," ते म्हणाले. "अन् वरतून काठाला ओल हाय. कोणी पेलंय यातलं."

मुलगी ओशाळली. "मीच, आजोबा. फुलपात्र भरून मांडलं, बाकीचं काढत बसले, आणि तहान लागली तसं विसरून त्यातलंच प्यायले. मग म्हटलं असू दे, आहे तसं काढू."

"अन् घागरीतलं? त्या पाण्याचं काय केलं?"

"तेही मीच प्यायले." ती माझ्याकडं बघायला लागली, हे सांगावं की नाही म्हणून. "रोज भरावी लागायची ना, ओल राहायला. गच्चीवर पत्रे तापायचे, जीव नुसता कासावीस व्हायचा. चित्र होईपर्यंत मी रोज त्याच घागरीतलं पाणी प्यायले. संध्याकाळपर्यंत संपवायचे. प्यायचं नसतं का ते?"

आबांनी एवढंच विचारलं, "थंड व्हतं?"

"थंडगार," ती म्हणाली. "आणि वाळ्याचा वास. घोट घेतला की पार पोटात जाईपर्यंत कळायचा."

आबा रडायला लागले. माय गेली तेव्हा रडले नव्हते, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. परक्याच्या दुकानात, लोकांच्या एसीत बसून हमसून हमसून रडले. मला दुसरं काही सुचलं नाही, मी ओरडले, "डोळा चोळू नका! डोळ्याला हात लावू नका आबा, डॉक्टरनं सांगितलंय!" आणि मग मलाच माझी लाज वाटली, आणि मीही तिथंच फरशीवर बसून रडले. ती बिचारी पोरगी आमच्या दोघांमध्ये टिश्यूचा डबा घेऊन उभी राहिली.

"बरं केलं पोरी," आबा कसेबसे म्हणाले. "पोटभर पेली, बरं केलं."

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. एरवी धरत नाहीत. रिक्षात बसल्यावर माझ्या मांडीवरची पिशवी उघडून त्यांनी लुगड्याचा काठ चाचपला, आणि म्हणाले, "हिरवं बरं हाय. तिच्या अंगाला असलं शोभलं असतं." मी तोंड बाहेर वळवलं. रस्त्याच्या कडेला एका कुंभारानं माठ आणि घागरी मांडल्या होत्या. आबांनी रिक्षावाल्याला थांबवलं आणि भर उन्हात खाली उतरले. एकेक घागर उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघत होते. ही कच्ची हाय, हिला चीर गेलीय, ही पाझरंल बराबर. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मी त्याला माझ्या वर्गातल्या आवाजात गप्प केलं. घागर घेऊन आबा परत आले आणि म्हणाले, "जल्दी भावाला फोन लाव. म्हणावं, मी येऊन राह्यलो."

आखाजीला आम्ही सगळे गावाला होतो. भावजयीनं पहाटेच उठून पुरण घातलं होतं, अंगण सारवलं होतं, देवघरासमोर गव्हाची रास केली होती. आमच्याकडं घागर लेक भरतो, म्हणून भाऊ आंघोळ करून ओल्या अंगानं पुढं झाला. आबांनी त्याला हातानं मागं सारलं. "मी भरतो," म्हणाले. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी मानेनंच सांगितलं, भरू दे. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असलं तर आबांनी सांगावं.

विहिरीचं पाणी त्यांनी स्वतः आणलं. घागर राशीवर बसवली, पाणी ओतलं, वाळा सोडला, सुताचे वेढे घातले. वेढे तिरके पडले, पण कोणी सरळ केले नाहीत. खरबूज ठेवायच्या आधी ओंजळभर पाणी जमिनीवर सोडायचं असतं आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. सगळे मनातल्या मनातच घेतात, ओठ हलतात न हलतात एवढंच. आबांनी ओंजळ धरली. थोडा वेळ ती तशीच धरून ठेवली, बोटांमधून पाणी झिरपत राहिलं. मग सगळ्या भावकीसमोर, समोरच्या पाटावर कोणी बसलंय तसं बघत, ते मोठ्यानं म्हणाले,

"पी बाई, पोटभर पी. मी आता न्हाई म्हणत न्हाई."